सोवळ्यातला सर्व्हर

अँटीव्हायरस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मला तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातून हळूच वर येणारी ती चौकट आठवते. 'तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.' आपण ती वाचतही नाही, फुलीवर क्लिक करतो आणि पुढच्या कामाला लागतो. झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून परत आलेला पेन ड्राइव्ह लावला की मात्र हाच अँटीव्हायरस देवासारखा आठवतो! सबमिशनच्या आदल्या रात्री ज्यांच्या फोल्डरचे शॉर्टकट झाले आहेत, त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल.

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्याच अँटीव्हायरसबद्दल आहे. फक्त लॅपटॉपवरच्या नाही, तर बँकेच्या डेटाबेस सर्व्हरवरच्या. आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी निबंधात 'माझा आवडता ऋतू'च्या पलीकडे मी कधी गेले नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या तक्रारी कृपया संपादक मंडळाकडे कराव्यात!

मागच्या उन्हाळ्यात मी एका सहकारी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये सहा आठवडे इंटर्नशिप केली. डेटा सेंटर हा शब्द ऐकून मी फारच मोठं काहीतरी डोळ्यांसमोर आणलं होतं. प्रत्यक्षात मुख्य शाखेच्या दुसऱ्या मजल्यावर एक थंडगार खोली, त्यात चार काळी कपाटं आणि सतत घोंघावणारे पंखे. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत आम्ही स्वेटर घालून बसलेलो. पण बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या सगळ्या खात्यांचा हिशेब त्या खोलीत होता.

तिथे पहिल्या दिवशी आमच्या डीबीए सरांनी विचारलं, "क्लस्टर म्हणजे काय, माहितीये?" मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. सर हसले आणि म्हणाले, "पाठांतर छान आहे. आता घरातलं उदाहरण दे." मला देता आलं नाही, म्हणून त्यांनीच दिलं.

समजा एका घरात दोन सुना आहेत आणि कोठीघर एकच आहे. कोठीघराच्या किल्ल्या एका वेळी एकीच्याच कमरेला. दुसरी तयार उभी असते, पण कोठीला हात लावत नाही. पहिली आजारी पडली की किल्ल्या दुसरीकडे जातात आणि पंगतीत बसलेल्यांना कळतही नाही की वाढणारी बदलली. फेलओव्हर क्लस्टर म्हणजे नेमकं हेच. दोन सर्व्हर, म्हणजे दोन नोड. डेटा ठेवलेली डिस्क दोघांत एकच. दोघंही एकमेकांना सारखे निरोप पाठवत असतात, 'मी आहे, मी आहे'. याला हार्टबीट म्हणतात. एकाचे ठोके थांबले की दुसरा डिस्क आपल्याकडे घेतो आणि डेटाबेस चालू करतो. मग दोघींनाही एकाच वेळी वाटलं की किल्ल्या आपल्याच, तर? म्हणून तिसरं एक मत ठेवलेलं असतं. त्यासाठी एक छोटी साक्षीदार डिस्क असते. ज्याच्या बाजूने बहुमत, तो मालक.

मला सगळ्यात गोड वाटलेली गोष्ट सांगते. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये क्लस्टर दर मिनिटाला डेटाबेसला चक्क त्याचं नाव विचारायचा! उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर डेटाबेस गेला असं समजायचं. आता तपासणी जास्त बारकाईने होते. पण मूळ कल्पना तीच. आयसीयूत नाही का डॉक्टर विचारत, "आजी, नाव सांगा पाहू?"

आता या घरात अँटीव्हायरस येतो. तो बसतो विंडोजच्या अगदी आतल्या थरात, फाईल आणि ती मागणारा प्रोग्रॅम यांच्या मधोमध. जुन्या काळी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा ना, तसा. कुठलीही फाईल उघडायची असली की आधी नाक्यावर थांबा, पेटी उघडून दाखवा, मग पुढे जा. वर्डच्या फाईलला त्याने काही फरक पडत नाही. पण डेटाबेसची एक फाईल दोनशे जीबीची आणि तिच्यात सेकंदाला शेकडो वेळा लिहिणं-वाचणं चाललेलं. तिला नाक्यावर थांबवलं तर काय होईल, हे मला इंटर्नशिपच्या नवव्या दिवशी कळलं.

सोमवार होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पहिल्या नोडची रॅम बिघडली आणि तो बंद पडला. क्लस्टरने आपलं काम चोख केलं. डिस्क दुसऱ्या नोडकडे गेली, डेटाबेसची सर्व्हिस तिथे चालू झाली आणि मॉनिटरवर सगळं हिरवं दिसायला लागलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुस्तकातली गोष्ट डोळ्यांदेखत घडली होती! आणि तेवढ्यात शाखांचे फोन सुरू झाले. एंट्री होत नाही. बॅलन्स दिसत नाही. पासबुक छापत नाही.

सरांनी डेटाबेस उघडून बघितला. 'रिकव्हरी पेंडिंग'. म्हणजे सर्व्हिस चालू, पण खात्यांचा मुख्य डेटाबेस उघडलेलाच नाही. लॉगमध्ये कारण लिहिलं होतं, की ही फाईल दुसरी प्रोसेस वापरत आहे. दुसरी कोण? तर अँटीव्हायरस!

झालं होतं असं. ऑडिटमध्ये शेरा आला होता की सगळ्या सर्व्हरवर अँटीव्हायरस असलाच पाहिजे. शेरा बरोबरच होता. पहिल्या नोडवर तो खूप आधीपासून होता आणि डेटाबेसच्या फाईलींना हात लावू नकोस असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. दुसऱ्या नोडवर तो महिन्याभरापूर्वी बसवला, कंपनीकडून येतो तशाच सेटिंगवर. महिनाभर काही बिघडलं नाही, कारण दुसऱ्या नोडला ती डिस्क दिसतच नव्हती. एकदा डेटाबेस चालू झाला की तो आपल्या फाईली घट्ट धरून ठेवतो, दुसऱ्याला सहसा उघडू देत नाही. धोका असतो तो मधल्या क्षणात. एका नोडने फाईल सोडली आहे आणि दुसऱ्याने अजून धरलेली नाही, त्या क्षणात. पालखीचा खांदा बदलताना जपावं लागतं ना, तसंच. त्या क्षणी अँटीव्हायरसने फाईल आधी धरली आणि डेटाबेसच्या हाती काही लागलं नाही.

सिक्युरिटीच्या मॅडम दुसऱ्या इमारतीत बसायच्या. त्यांना फोन लावेपर्यंत आणि त्यांनी सेटिंग बदलेपर्यंत मला खाली शाखेत पाठवलं, मॅनेजर साहेबांना निरोप द्यायला की अर्धा तास लागेल. खाली लांबच लांब रांग. मी निरोप देऊन वळले तर रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "पोरी, तू वरची ना? मशीन बंद पडलंय म्हणतात. पण पैसे आहेत ना?"

त्यांच्या हातात हॉस्पिटलची फाईल होती. कुणाचं ऑपरेशन होतं, डिपॉझिट भरायचं होतं, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "आजोबा, पैसे जागेवर आहेत. कपाटाचं दार अडकलंय, एवढंच. उघडतायत." त्यांनी मान हलवली, पण पासबुक काही खिशात ठेवलं नाही. हातातच धरून उभे राहिले.

मी त्यांना सांगितलं ते खरं होतं. डेटाबेस कुठलाही बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मगच 'झालं' म्हणतो. त्यामुळे मशीन मध्येच बंद पडलं तरी पूर्ण झालेला एकही व्यवहार हरवत नाही. फाईल मोकळी झाल्यावर सरांनी डेटाबेस ऑनलाइन आणला, त्याने लॉग वाचून सगळं जुळवून घेतलं. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. एकूण सत्तेचाळीस मिनिटं गेली. पण त्या सत्तेचाळीस मिनिटांत रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने व्हायरस आला काय आणि अँटीव्हायरस आला काय, फरक काय होता?

दुपारी चहा पिताना मी सरांना म्हटलं, "मग काढूनच टाकू या ना हा अँटीव्हायरस!" त्यावर सरांनी मला २००३ सालची गोष्ट सांगितली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. २५ जानेवारी २००३, शनिवार, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत होते. स्लॅमर नावाचा एक वर्म सुटला. त्याने धरलं कुणाला? डेटाबेसलाच. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका चुकीतून तो आत शिरायचा. त्याचा आकार फक्त ३७६ बाइट. हा परिच्छेद त्याच्यापेक्षा मोठा आहे! सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगातले ज्यांना लागण होऊ शकत होती असे बहुतेक सगळे सर्व्हर त्याने गाठले. किमान ७५ हजार. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम अडली, तर ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राच्या नेटवर्कपर्यंत तो पोचला.

आता गंमत बघा. हा वर्म डिस्कवर एकही फाईल लिहीत नव्हता, फक्त मेमरीत राहायचा. म्हणजे फाईली तपासत बसणारा अँटीव्हायरस कितीही कडक ठेवला असता तरी त्याला तो दिसला नसता. आणि त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी काढला होता. ज्यांनी तो लावला होता किंवा १४३४ नंबरचं यूडीपी पोर्ट बाहेरच्या जगासाठी बंद ठेवलं होतं, त्यांचे सर्व्हर वाचले.

सर म्हणाले, "म्हणून अँटीव्हायरस नको असं नाही. पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले ना? एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत मालवेअर घुसवूनच गेले. बँकेच्या सर्व्हरला पहारा लागतोच. पण पहारेकऱ्याला घर माहीत पाहिजे."

तरी एक शंका माझ्या डोक्यातून जात नव्हती. सगळ्यात मौल्यवान फाईलींनाच तपासणीतून सूट द्यायची, म्हणजे तिजोरीवरचाच पहारा काढायचा नाही का?

याचं उत्तर मला सापडलं आजीच्या स्वयंपाकघरात. हसू नका! गौरींच्या नैवेद्याच्या दिवशी आजी सोवळ्यात असते. त्या वेळी ओट्याजवळ कुणीही जायचं नाही, अगदी बाबासुद्धा नाहीत. सोवळ्याच्या बाकीच्या भानगडींवरून माझं आणि आजीचं जोरदार वाजतं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या दिवशी ओट्यावर पहारा नसतो असं नाही. उलट सगळ्यात कडक पहारा तिथेच असतो, फक्त तो ओट्यावर नसून दाराशी असतो. आत काय येणार, कुणाच्या हातून येणार, ते दाराशीच ठरतं. एकदा आत गेलेल्या पुरणात कुणी बोट घालून बघत नाही.

डेटाबेसचंही असंच आहे. डेटाची फाईल म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. ती कुणी चालवत नाही, फक्त डेटाबेस वाचतो. उलट तिच्यातले चार बाइट चुकून एखाद्या व्हायरससारखे दिसले आणि अँटीव्हायरसने ती उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली तर? सगळ्या गावाची खाती एका झटक्यात गायब! म्हणून मायक्रोसॉफ्टच्याच सूचना आहेत की डेटा आणि लॉगच्या फाईली, बॅकअपच्या फाईली, विंडोजमधला क्लस्टरचा फोल्डर आणि ती साक्षीदार डिस्क, हे सगळं तपासणीतून वगळावं. बाकीचा सर्व्हर मात्र नीट तपासायचा. आणि दाराशी कडक राहायचं. पॅच वेळेवर, नको ती पोर्ट बंद, सर्व्हरवर बसून इंटरनेट बघायचं नाही, पेन ड्राइव्ह तर नाहीच नाही. वगळलेल्या फोल्डरमध्ये डेटाबेसशिवाय कुणाला लिहिता येऊ नये, कारण जिथे तपासणी नाही ती जागा चोरही शोधतच असतो. अख्खा ड्राइव्ह वगळून मोकळं होणं हा आळस झाला, सोवळं नव्हे.

त्या आठवड्यात डीबीए सर आणि सिक्युरिटीच्या मॅडम पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. मी मिनिट्स लिहायला. मला वाटलं होतं जोरदार भांडण होणार. झालं उलटंच. सरांनी सांगितलं त्यातलं अर्धं मॅडमना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी दाखवलेले रिपोर्ट सरांनी कधी बघितले नव्हते. दोघंही आपापलं काम मन लावून करणारी माणसं. दोघांच्याही कागदावर सगळं बरोबर होतं. भोक होतं ते दोन कागदांच्या मध्ये.

यादी तयार झाली. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिलं, म्हणजे पुढच्या ऑडिटला नुसतं 'वगळलं' असं न दिसता 'का वगळलं' तेही दिसेल. दोन्ही नोडवर तीच यादी लावली. मग मॅडमनी मला एक काम दिलं. आयकार नावाची ६८ बाइटची एक चाचणी फाईल असते. ती अगदी निरुपद्रवी असते, पण अँटीव्हायरसनी तिला व्हायरस समजायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. ती मी दोन्ही नोडवर आधी साध्या फोल्डरमध्ये टाकली, मग वगळलेल्या फोल्डरमध्ये. पहिल्या ठिकाणी लगेच पकडली गेली, दुसऱ्या ठिकाणी शांतता. दोन्ही नोडवर सारखंच उत्तर आलं तेव्हा मला सेमिस्टरच्या रिझल्टपेक्षा जास्त आनंद झाला! आणि शेवटी रविवारी पहाटे, बँक बंद असताना, मुद्दाम फेलओव्हर करून बघितला. तो दोन मिनिटांत पार पडला.

मला वाटलं, संपलं. पण मॅडम म्हणाल्या, "यादी दोन्हीकडे सारखी हवी. अपडेट मात्र दोन्हीकडे एकाच वेळी नको." हे मला आधी उलटंच वाटलं. मग त्यांनी १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली. ती तर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट त्या सकाळी सुटलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं, पण ज्या मशीनवर ते पोचलं होतं तिथे खूपदा माणसाने जाऊन ती फाईल काढावी लागली. अशा दिवशी क्लस्टर काय करणार? क्लस्टर एक मशीन पडण्यापासून वाचवतो. दोन्ही मशीन एकाच मिनिटाला एकाच कारणाने पडली तर किल्ल्या द्यायच्या कुणाला? म्हणून आधी नुसत्या उभ्या असलेल्या नोडवर अपडेट लावायचं, थोडं थांबून बघायचं, मग दुसऱ्यावर. नियम सारखे, वेळ वेगळी. सहा आठवड्यांत मी शिकलेलं सगळं या चार शब्दांत मावतं.

आपल्या अभ्यासक्रमात डीबीएमएस एका सेमिस्टरला आणि नेटवर्क सिक्युरिटी दुसऱ्या सेमिस्टरला. दोन पेपर, दोन जर्नल, दोन व्हायव्हा. एकात क्लस्टर शिकतो, दुसऱ्यात व्हायरस, आणि दोन्हींत चांगले मार्क पाडून आपण बाहेर पडतो. बाहेर मात्र दोन्ही विषय एकाच कपाटातल्या एकाच मशीनवर नांदतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला कुणीच नसतं. ते काम कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलेलं नाही. तेव्हा उद्या तुम्ही डीबीए झालात तर एक करा, जॉइन झाल्याच्या पहिल्या आठवड्यात सिक्युरिटीवाल्यांकडे चहाला जा. आणि सिक्युरिटीत गेलात तर डीबीएकडे. चहाचे पैसे कुणी द्यायचे, ते आपापसात ठरवा!